केरबा कुरणेची देणगी

केरबा कुरणेची अर्धी दाढी झालती, तेवढ्यात त्येचं नाव भोंग्यातनं आलं.

उचगावात जोतीरामाच्या दुकानात तो खुर्चीवर मान मागं टाकून बसलता. डावा गाल साफ झालता, उजव्या गालावर साबण तसाच हुता. आयतवार, फौंड्रीला सुट्टी. पलीकडं शाळंच्या पटांगणात अमरसिंहदादाची प्रचाराची सभा चाललेली, आणि भोंगं लावलेलं चारी तोंडाला. केरबा त्या सभेला मेला तरी गेला नसता. पर भोंगा काय इचारून कानात शिरतोय व्हय?

माइकवर हंबीरराव हुता. ह्या भागात कुस्तीचं मैदान असू दे न्हायतर जत्रा, पुकारायला हंबीररावच लागतोय. जवानीत गडी लढला, गुडघा गेला, तवापासनं माइक धरला. त्येची एक सवय सगळ्यास्नी ठावं. कुणी इनामाला एकावन्न रुपय दिलं तरी त्या माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं खड्या आवाजात पुकारणार. देणाऱ्याचं नाव राहिलं तर त्येला घास उतरत न्हाय. आता इलेक्शनवाल्यांनी त्येला भाड्यानं धरला हुता, म्हटलं गर्दी बसती ह्येच्या आवाजावर.

"ऐका मंडळी, ऐका," हंबीरराव म्हणला. "अमरसिंहदादांच्या प्रचारासाठी फौंड्रीतले आपले कष्टाळू कामगार, केरबा रामा कुरणे, राहणार विहार गल्ली, यांच्याकडनं प्रेमाची देणगी, रुपये अकरा हजार. टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या. पाठोपाठ आणि दोन नावं आली. मग माइक खरखरला, कोण तरी काय तरी कुजबुजलं, आणि एकदम गाणं लागलं.

जोतीरामाचा वस्तरा हवेतच थांबला. आरशातनं त्येनं केरबाकडं बघितलं.

"केरबाभाऊ, तुम्ही?"

"मी कसला? दुसरा कोण तरी आसल."

"केरबा रामा कुरणे. विहार गल्ली. दुसरा कुठला आणायचा?"

बाकावर पेपर वाचत बसलेला एकजण पेपराआडनं म्हणला, "त्येनं भिंत पाडली, आणि वर ह्येचं अकरा हजार. मन मोठं पायजे बाबा."

केरबानं गळ्यातला टॉवेल ओढून काढला, उजव्या गालावरचा साबण पुसला आणि उठला. जोतीराम म्हणला, "आवं, अर्धी राहिलीया." केरबा न ऐकल्यासारखा भाईर पडला. रस्त्यानं चालताना बघणाऱ्याला एका बाजूनं तो तुळतुळीत दिसत हुता, दुसऱ्या बाजूनं आठवड्याचं पांढरं खुंट. कोण हसलं नसतं? पर त्येच्या डोळ्यात बघून कुणी हसलं न्हाय.

आता भिंतीचं सांगायला पायजे. विहार गल्लीतल्या लोकांनी विहाराला कुंपणाची भिंत घातलेली. सरकारचा पैसा न्हाय, कुणा पुढाऱ्याचा न्हाय. बाया दिवसभर दुसऱ्याच्या बांधकामावर राबायच्या आणि सांजच्याला येताना विहारापाशी इटा व्हायच्या. केरबाची आई, यल्लव्वा, तवा सत्तरीला आलेली, तरी डोक्यावर चुंबळ ठेवून इटा व्हायल्या तिनं. भिंत उभी राहिली. पुढं अमरसिंहदादाला शेजारी पेट्रोलपंप टाकायचा झाला, गाड्या वळायला जागा कमी पडली, आणि एका सकाळी जेसीबी आला. भिंत पडली. गल्ली धरण्याला बसली, निवेदनं दिली, सायबांच्या पायऱ्या झिजवल्या. अमरसिंहदादा हसून म्हणला, "भिंतच की, बांधून देतो." दिली न्हाय. त्या धरण्यात सगळ्यात म्होरं केरबा हुता. विहारात समद्यांच्या समोर उभा राहून त्यानंच पयला शब्द काढलेला, ह्या माणसाच्या दारातलं पाणी पिणार न्हाय आणि ह्येला आमच्या दारातलं पाजणार न्हाय. गल्लीनं तो शब्द पाळला. मुलांच्या लग्नात सुदीक त्येच्या पंपावर कुणी गाडी भरली न्हाय.

आणि आता भोंग्यानं सांगितलं की केरबानं त्येला अकरा हजार दिलं.

केरबा गल्लीत शिरला तर वट्ट्यावर बसलेली माणसं बोलत हुती ती गप झाली. "जय भीम," केरबा म्हणला. एकानं मान हलवली. बाकीच्यांनी चपलीकडं बघितलं. असं कवाच झालं नव्हतं. लेकराबाळांपास्नं म्हाताऱ्यापर्यंत केरबाला बघून समदी गल्ली बोलती.

घरात बायको बनाबाई चुलीपाशी हुती. तिनं त्येच्या गालाकडं बघितलं, म्हणली, "ही कसली तऱ्हा?" मग त्येचं तोंड बघून परत भाकरी थापाया लागली. यल्लव्वा दाराशी बसलेली, पाण्याच्या हंड्याला टेकून. भिंत पाडली तवा तिनं ढिगातनं एक इट उचलून आणलेली. ती हंड्याखाली ठेवली हुती. हंडा त्या इटंवरच बसायचा, दुसऱ्या कशावर ठेवला की तिला चालत नसं.

"अव्वा, मी दिलं न्हाय," केरबा म्हणला.

म्हातारी गडहिंग्लजच्याही पलीकडची, कर्नाटकाच्या हद्दीवरची. रागाला आली की माहेरची कानडी तोंडात येती. बनाबाईनं भाकरी ताटलीत घालून तिच्या पुढ्यात ठेवली, तिनं ताटली हातानं सरकवली.

"बेडा."

"अव्वा, जेवायचं न्हवं का?" बनाबाई म्हणली.

"बेडा, नगं म्हटलं की. ह्येच्या पगाराची भाकरी हाय न्हवं? खाणार न्हाय मी."

"मी त्येला दिडकी दिली न्हाय, अव्वा."

"मग तुझं नाव त्येच्या भोंग्यात कसं गेलं? भोंगा चालत आला का तुझ्या घराला नाव इचारायला?"

केरबा इचार करत बसला, आणि मग त्येला आठवलं. मागल्या महिन्यात फौंड्रीच्या कँटीनमध्ये टेबल टाकून बसलेलं. बाळासो मॅनेजर म्हणलेला, सगळ्यांनी फोन आणा, पगाराचं खातं नवीन करायचं हाय, फोनवर नंबर येईल तो सांगा. लायनीत उभं राहून समद्यांनी सांगितला. केरबानंबी सांगितला. मग फोनवर इंग्रजीत दोन मेसेज आलते, एकापाठोपाठ एक. त्येला वाटलं मोबाइल कंपनीचं काय तरी आसल. त्या कंपन्या दिवसभर तेच करत्यात.

म्हातारी रातभर उपाशी झोपली. केरबाबी.

दुसऱ्या दिवशी त्यो तसाच, अर्ध्या दाढीनं, फौंड्रीच्या गेटवर गेला. आत जाताना फेटलिंगची पोरं मशीन लावायच्या तयारीत हुती. फेटलिंग म्हंजे भट्टीतनं निघालेल्या लोखंडी मालाच्या कडा ग्राइंडरवर घासून काढायच्या, केरबानं आयुष्य तेच केलेलं. केरबाला बघून एक गारगोटीकडचा गडी म्हणला, "आलं बघा देणगीदार. मामा, वाईच आमालाबी द्या की, गाडीचा हप्ता थकलाय."

"गप रे."

"आवं मामा, आमचीबी नावं त्या कागदावर हायत म्हणं. तुमचं पयलं हुतं म्हणून भोंग्यात आलं. तुम्ही फेमस, आमी नुस्तं उपाशी."

सगळी हसली. "आपल्या खिशातनं कुठं गेलं?" दुसरा म्हणला. "कंपनीनं टाकलं, कंपनीनंच काढलं. आपल्याला काय?"

"तुमाला काय न्हाय व्हय," केरबा म्हणला. "बरं हाय बाबा तुमचं."

आणि तो सरळ हापिसात गेला.

बाळासो पंख्याखाली बसून चहा पीत हुता. चांगल्या घरातला, बोलायला गोड, पोट सुटलेलं. केरबाला बघून त्येनं कप बशीत ठेवला. 

"ये केरबा. चहा घेणार?"

"चहा नगं. माझं नाव कुणी दिलं?"

"आधी ती दाढी पुरी कर जा. एका बाजूनं कामगार दिसायलास, एका बाजूनं डायरेक्टर."

"साहेब, नाव कुणी दिलं माझं?"

बाळासोनं उठून दार लावलं. परत बसला, आणि लहान पोराला समजावावं तसं बोलाया लागला.

"हे बघ. मालकांना दादांना मदत करायची हुती. आता कंपनीच्या नावानं उघड दिली तर पलीकडच्या पार्टीच्या डोळ्यात येतंय, उद्या त्यांचं सरकार आलं तर आपली लाइट बंद करतील. म्हणून दीडशे माणसांच्या नावानं थोडी थोडी. कामगारांनी प्रेमानं दिली, असं. तुझ्या खात्यात आली, तुझ्या खात्यातनं गेली. तुझा रुपया गेला का?"

"न्हाय."

"मग?"

"रुपया गेला असता तर पोलिसात गेलो असतो. माझं नाव गेलंय. ते कुठल्या ठाण्यात देऊ?"

"बारक्या गोष्टीचा डोंगर करू नको."

"साहेब, माझी आई कालपास्नं जेवली न्हाय."

"का? काय झालं तिला?"

बाळासोला खरंच ठावं नव्हतं. त्येला भिंत ठावं नव्हती, विहार ठावं नव्हतं, केरबा कुठं राहतो तेबी कागदावर बघितल्याशिवाय ठावं नव्हतं. दीडशे नावं त्यानं एका खाली एक उतरून काढलेली, गहू पोत्यात ओतावं तशी. केरबानं सांगितलं. बाळासो ऐकत गेला आणि त्येचं तोंड लांबत गेलं. पर ते केरबासाठी न्हवं.

"त्या हंबीररावाच्या," तो म्हणला, "अक्कल गहाण टाकलीया म्हाताऱ्यानं. कागद मी त्येला खिशात ठेवायला दिलता. सभा झाली की दादांच्या हिशोबाच्या माणसाकडं द्यायचा, एवढं काम. ह्यो बाबा माइकवर वाचाया लागला. धोतर ओढलं म्या त्येचं मागनं, तरी तीन नावं झाली."

"त्येनं चूक काय केली? देणगी दिली म्हणून कागदावर लिवलंय, त्येनं पुकारली."

"केरबा, ऐक. रिटायरला दोन वर्षं राहिल्यात तुझी. गप ऱ्हा. उद्या प्रचाराचा शेवट हाय, मग कुणाला आठवणार न्हाय."

"तुमाला आठवणार न्हाय," केरबा म्हणला. "पैसं तुमचं, तोंड माझं. असला धंदा मी आयुष्यात बघितला न्हाय. तुमी सांगा सभेत, ही देणगी केरबानं दिली न्हाय. त्याच माइकवर."

"डोकं फिरलंय तुझं."

"सांगा म्हणतोय."

"न्हाय सांगणार. आणि तू बी कुठं बोललास, तर गेट बंद. सगळ्यांचंच वांदं हुतील, तुझ्या त्या दीडशे भावांचंबी. मालक जेलात, कारखाना बंद. चालेल तुला?"

केरबा हापिसातनं भाईर आला आणि दिवसभर ग्राइंडरवर माल असा घासला की ठिणग्या भिंतीवर जाऊन आपटत हुत्या. गारगोटीचा गडी दोन मशीन लांब जाऊन उभा राहिला.

सुट्टी झाल्यावर तो सरळ हंबीररावाच्या तालमीत गेला. म्हातारा वट्ट्यावर बसून भिजवलेलं बदाम सोलत हुता. आत दोन पोरं लाल मातीत एकमेकांची मान दाबत हुती.

"कोण पावणं?" हंबीररावाला लांबचं नीट दिसत न्हाय.

"केरबा. केरबा रामा कुरणे. विहार गल्ली."

"आरं ये की. अकरा हजारवाला. बस." मग जवळनं बघितलं आणि म्हणला, "दाढीचं काय केलंयस, पैज लागली का कुणाशी?"

केरबानं बसायच्या आधीच सांगून टाकलं. कँटीन, फोन, दीडशे नावं, भिंत, आई. हंबीररावाच्या हातातला बदाम तसाच राहिला. सगळं संपल्यावर म्हाताऱ्यानं बदामाची वाटी बाजूला ठेवली, सावकाश, जशी कुणाची तिरडी ठेवावी.

"म्हंजे माझ्या माइकवरनं खोटं नाव गेलं," तो म्हणला.

"गेलं."

"चाळीस वर्षं, केरबा. इनाम न देता नाव पुकारून घ्यायला किती आलं, एकालाबी दाद दिली न्हाय. आणि ह्या बाळासोनं मला..." त्यानं एक शिवी दिली, ती आतल्या पोरांनी कुस्ती थांबवून ऐकली. "धोतर ओढत हुता माझं. मला वाटलं कौतुकानं ओढतोय."

"आता उद्या सांगा. त्याच माइकवर सांगा, की दिली न्हाय."

हंबीररावानं नकारात मान हलवली. 

"मी पुकारणारा हाय," तो म्हणला. "माझ्या मनाचं बोलायला लागलो, तर माझ्या पुकारण्याला इचारणार कोण? उद्या म्हणतील म्हातारा पलीकडच्या पार्टीनं इकत घेतला."

"मग माझं काय?"

"ऐक. रीत तुला ठावं हाय. जिता माणूस माइकपाशी येऊन आपल्या हातानं काय देईल, ते पुकारायचं. काय दिलं, कुणी दिलं आणि कशापायी दिलं. रुपया देऊ दे न्हाय कोंबडी. एकदा मैदानात एकानं म्हस आणून बांधली, तीबी पुकारली. देणारा जे सांगेल ते मी पुकारतो. शिव्या सोडून."

केरबानं त्येच्याकडं बघितलं.

"शिव्या सोडून सगळं?"

"सगळं. पाचला प्रचार बंद करायचा कायदा हाय. साडेचारच्या आत ये."

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी फौंड्रीनं दुपारची पाळी बंद ठेवली आणि समद्या कामगारांस्नी कंपनीच्या बसनं सभेला न्हेलं. गेटवर हजेरी घेऊन न्हेलं, कुणी घरला पळू नये म्हणून. केरबा तर काय, बाळासोनं त्येला खिडकीपाशी आपल्या शेजारीच बसवला. केरबाच्या मांडीवर डब्याची पिशवी हुती. आज पिशवी जड हुती. यल्लव्वा सकाळी विहारात गेल्यावर त्येनं पाण्याचा हंडा उचलून खालची इट काढलेली आणि हंडा तसाच भुईवर ठेवलेला, तो थोडा कलला. बनाबाईनं बघितलं. नुस्ती म्हणली, "डबा कशात न्हेणार मग?" आणि भाकरी फडक्यात बांधून त्येच्या खिशात कोंबली.

पटांगण भरलेलं. इस्टेजवर अमरसिंहदादा आणि फौंड्रीचा मालक, दोघांच्या डोक्याला फेटं, गळ्यात हार. ऊन डोळ्यात. हंबीरराव माइकवर, नेहमीसारखा. पर त्येचा आवाज आज जरा दाबून आल्यासारखा हुता. दादाचं भाषण झालं, रस्ता, पाणी, कारखाना, तरुणांस्नी रोजगार. कामगारांच्या प्रेमाबद्दल दादा बोलला तवा गारगोटीच्या गड्यानं केरबाला कोपर मारलं. केरबा उठला.

"कुठं?" बाळासोनं त्येचा दंड धरला.

"देणगी द्यायची हाय."

"आरं दिलीया की तू."

हे बाळासो मोठ्यानं बोलला, आणि म्होरच्या खुर्च्यातली माणसं वळून हसली. केरबानं दंड सोडवून घेतला आणि चालाया लागला. माणसांनी वाट दिली, देणगी द्यायला जाणाऱ्याला कोण आडवतंय? पायरी चढला. हंबीररावानं माइकवर हात ठेवून इचारलं, "काय आणलंयस?"

केरबानं पिशवीतनं इट काढली आणि दादाच्या म्होरं धरली. दादाच्या म्होरं कुणी काय धरलं की तो हसून दोन्ही हात पुढं करतो, तसं त्येनं केलं. फोटोवाला धावला. इट दादाच्या हातात गेली, फोटो झाला, तवा कुठं दादानं खाली बघितलं. हसणं तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळ्यातनं गेलं.

"कशापायी?" हंबीररावानं रीतीनं इचारलं. केरबानं सांगितलं. बारीक आवाजात सांगितलं. म्हाताऱ्यानं एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा इचारून घेतलं, आणि माइकवरचा हात काढला.

"ऐका मंडळी, ऐका. केरबा रामा कुरणे, विहार गल्ली, यांच्याकडनं अमरसिंहदादांना एक इट. विहाराच्या भिंतीची. ही भिंत दादांच्या पंपासाठी पाडली, तिच्या इटा केरबाच्या आईनं डोक्यावर व्हायलेल्या. केरबा सांगतो, परवा माझ्या नावानं पुकारलेली अकरा हजाराची देणगी मी दिलेली न्हाय. ती माझ्या नावानं फौंड्रीच्या..."

तिथं माइक मेला. बाळासो जनरेटरपाशी उभा हुता, हातात वायर, आणि "वेळ संपली, पाच वाजलं" म्हणत हुता. पाच वाजायला अजून येळ हुता. 

हंबीररावानं मेलेला माइक खाली ठेवला. धोतर आवळलं. माइक नव्हता त्या काळात त्येनं जत्रांची मैदानं पुकारलेली, हे नव्या पोरांस्नी ठावं नव्हतं. त्येनं छाती भरून घेतली.

"...फौंड्रीच्या मालकांनी दिली," म्हातारा गरजला, आणि ते पार पटांगणाच्या पलीकडं, जोतीरामाच्या दुकानात ऐकू गेलं. "खातं केरबाचं, पैसा मालकांचा. असं केरबा सांगतो. आणि माझ्या तोंडनं खोटं नाव गेलं, असं हंबीरराव सांगतो. टाळ्या वाजवायच्या का न्हाय, ते तुमचं तुमी बघा."

कुणी वाजवल्या न्हायत. मालकानं फेटा सावरला. दादानं इट टेबलावर ठेवली, रुमालानं हात पुसलं आणि कार्यकर्त्याच्या कानात काय तरी बोलला. केरबानं फौंड्रीच्या लायनींकडं बघितलं. एक तरी उठंल, म्हणंल माझंबी नाव तसंच वापरलंय. गारगोटीचा गडी चपलीच्या अंगठ्याकडं बघत हुता. दुसरं फोन काढून बघत हुतं. दीडशे माणसातनं एक उठला न्हाय.

"भाड्यांनो," केरबा म्हणला, फार मोठ्यानं न्हवं, आणि पायऱ्या उतरला.

खाली बाळासो आडवा आला. गोड बोलणं संपलं हुतं.

"उद्यापास्नं गेटला येऊ नगं. हिशोब घरला पाठवतो."

"पाठवा," केरबा म्हणला. "या खेपंला तरी माझ्याच नावानं पाठवा."

तो चालत घरला आला. बसमध्ये कशाला बसतोय? गल्लीच्या तोंडाशी वट्ट्यावरची माणसं उभी राहिली. एकजण म्हणला, "जय भीम, केरबा." मागनं सगळ्यांनी म्हणलं. केरबा "जय भीम" म्हणला आणि दाराशी आला.

यल्लव्वा हंड्यापाशी बसलेली. हंडा कललेला, म्हातारीनं हातानं धरून ठेवलेला.

"ऐकलंस, अव्वा?"

"ऐकलं. हंबीररावाचा आवाज हितपर्यंत आला."

"मग आता जेव."

"माझी इट कुठाय?"

"इट? दिली की. त्येला. समद्यांच्या समोर."

म्हातारीनं कललेल्या हंड्याकडं बोट केलं.

"भिंत पाडून समद्या इटा त्येनं नेल्या. एक माझ्या हाताला लागलेली. ती बी त्येलाच दिलीस?"

"आवं अव्वा, त्येच्या तोंडावर..."

"तोंडावर मारलीस?"

"हातात दिली."

"मारून तरी यायचं हुतंस. माझा हंडा कशावर ठिवू मी? जा, घेऊन ये."

बनाबाई आतनं हसली, मग पदर तोंडावर घेतला. केरबाला राग आला. दोन दिवस उपाशी बसलेल्या ज्या आईपायी त्यानं नोकरी घालवली, तीच आता अशी. तो म्हणणार हुता, इट परत मागायला गेलो तर समद्या गावात हसं व्हईल. पर म्हातारी हंड्याला धरून बसलेली, ती उठायची न्हाय हे त्येला दिसत हुतं. तो वळला आणि परत निघाला.

पटांगणात खुर्च्या गोळा करायचं चाललेलं. मंडपवालं दोर सोडत हुतं. दादाचा मोठा बॅनर खाली काढून घडी घालायला ठेवलेला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्येच्यावर इट ठेवलेली. तीच इट. केरबानं वाकून उचलली. बॅनरचा कोपरा सुटला आणि दादाचं हसरं तोंड फडफडत शाळंच्या कुंपणाकडं निघालं.

"ओ पावणं," मंडपवाला वरडला, "ती दादांच्या सामानातली हाय."

"माझ्या आईची हाय."

मंडपवाल्यानं त्येच्या अर्ध्या दाढीकडं बघितलं, मग बॅनरमागं पळाला.

येताना जोतीराम दुकानाच्या दारात उभा हुता. "केरबाभाऊ, या. राहिलेली फुकट करतो."

"थांब," केरबा म्हणला. "आधी हंडा सरळ करून येतो."

घरात येऊन त्येनं हंडा उचलला, इट खाली घातली, हंडा वर ठेवला. यल्लव्वानं दोन्ही हातानं हंडा हलवून बघितला. मग बनाबाईला म्हणली, "भाकरी वाढ." आणि ताटली मांडीवर घेतल्यावर, केरबाकडं न बघता, "नोकरी गेली न्हवं? मग उद्यापास्नं पाणी तू भर."